पार्श्वभूमी : प्राथमिक शाळेचा सत्रअखेरचा निकाल आणि ‘नापास न करण्या’चा निर्णय

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांचे पहिले सत्र दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आणि दुसरे एप्रिलअखेर संपते, आणि १ मे रोजी ध्वजवंदनानंतर प्रगतिपत्रके वाटण्याची प्रथा बहुतेक ठिकाणी अजून टिकून आहे. या प्रगतिपत्रकांवर सुमारे पंधरा वर्षे ‘नापास’ हा शेरा येत नव्हता. आता पाचवी आणि आठवी या दोन इयत्तांपुरता तो परत आला आहे. सत्रअखेरच्या बातम्यांमध्ये शाळा कशाचा अभिमान बाळगते आणि कशाविषयी मौन पाळते, याचा बराचसा उलगडा या एका बदलाच्या इतिहासातून होतो. हा इतिहास प्रामुख्याने २००९ नंतरचा आहे, त्याआधीचा भाग थोडक्यात सांगण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळेचा निकाल हा मुलाच्या प्रगतीपेक्षा शाळेच्या अनुदानाशी बांधलेला होता. तपासनीस येत, मुलांची परीक्षा घेत आणि उत्तीर्णांच्या संख्येवर अनुदानाची रक्कम ठरे. १८८२ च्या शिक्षण आयोगाने प्राथमिक पातळीवर या पद्धतीचा पुरस्कार केला आणि १९०४ च्या सरकारी ठरावाने तिच्यावर पडदा टाकला. तिची जागा मुंबई इलाख्यात व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे देशी भाषेतील प्राथमिक शाळेच्या अखेरच्या परीक्षेच्या दबदब्याने घेतली. ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला प्राथमिक शिक्षकाची किंवा कनिष्ठ सरकारी नोकरी मिळू शकत असे, त्यामुळे ‘फायनल झालेला’ माणूस गावात शिकलेला समजला जाई. परीक्षा ही चाळणी आहे, ती सर्वांना पार करता येणार नाही आणि येऊही नये, ही समजूत याच काळात पक्की झाली. तिचे वजन पुढच्या प्रत्येक वादात जाणवत राहिले.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न उलटा झाला. पहिलीत नाव घातलेली मुले चौथीपर्यंत पोहोचत नव्हती, आणि त्यामागे गरिबीइतकेच एकाच वर्गात दोन-तीन वर्षे बसावे लागणे हेही कारण होते. शिक्षणशास्त्राच्या भाषेत याला गळती आणि स्थगिती म्हणत. १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने पहिली व दुसरी, आणि जमेल तेथे पहिली ते चौथी, हा एकच सलग टप्पा मानून मधले अडथळे काढावेत असे सुचवले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक स्तरावर नापास न करण्याचे धोरण ‘कायम ठेवले जाईल’ असे म्हटले. २००९ चा कायदा होण्याच्या तेवीस वर्षे आधी हे धोरण ‘कायम’ ठेवण्याची भाषा झाली होती, हे विसरून ते एका कायद्याच्या डोक्यावर फोडण्याची सवय नंतर लागली. १९९१ मध्ये किमान अध्ययन पातळ्या, म्हणजे प्रत्येक इयत्तेत मुलाला निदान काय यायला हवे याच्या याद्या आल्या, १९९५ पासून राज्याने क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम स्वीकारला, आणि मुलाला किती गुण मिळाले याऐवजी त्याला नेमके काय येते याची नोंद ठेवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न झाला. क्षमतांचे ते लांबलचक तक्ते ज्यांनी भरले, त्यांना पुढचे काहीही नवे वाटले नसावे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा (‘आरटीई’) २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे कलम १६ अगदी आटोपशीर होते : शाळेत दाखल झालेल्या कोणत्याही बालकाला प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, त्याच वर्गात मागे ठेवता येणार नाही आणि शाळेतून काढूनही टाकता येणार नाही. लोकांच्या तोंडी हेच कलम ‘आठवीपर्यंत परीक्षाच नाही’ असे झाले. प्रत्यक्षात कायद्याने परीक्षा बंद केलेली नव्हती. कलम ३० ने मनाई केली होती ती आठवीपर्यंत मंडळाची परीक्षा उत्तीर्ण होण्याच्या सक्तीला. आणि कलम २९ ने तर मुलाच्या ज्ञानाच्या आकलनाचे व ते वापरण्याच्या क्षमतेचे सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन करणे शाळेवर बंधनकारक केले होते. याच्याच जोडीला कलम ४ होते, ज्यानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात दाखल करून, मागे पडलेला भाग विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा होता.

कलम १६, २९ आणि ४ ही तीन कलमे एकत्र वाचली तर कायद्याचा हेतू स्पष्ट होतो. दहा वर्षांची मुलगी वीटभट्टीवरून थेट पाचवीत येणार असेल, तर तिला वर्षअखेरीस नापास करणे म्हणजे तिला पुन्हा भट्टीवर पाठवणे होय. म्हणून तिला मागे ठेवायचे नाही, पण ती कुठे आहे हे रोज तपासायचे आणि कमी पडते तेथे शिकवायचे. मागे न ठेवणे ही या योजनेतली सर्वांत स्वस्त बाजू होती, कारण तिला फक्त एक शेरा बदलावा लागत होता. रोज तपासणे आणि कमी पडेल तेथे पुन्हा शिकवणे याला माणसे, वेळ आणि पैसा लागत होता. पहिली बाजू एका दिवसात अमलात आली, दुसरी कागदावर राहिली, आणि परिणामांचा दोष मात्र पहिल्या बाजूला मिळाला.

राज्यात या दुसऱ्या बाजूचा आराखडा २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आला. मूल्यमापनाचे आकारिक (वर्षभर शिकवताना होणारे) आणि संकलित (सत्रअखेरच्या परीक्षेचे) असे दोन भाग झाले. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के आणि संकलितचा ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मा-निम्मा, आणि सातवी-आठवीला ४० व ६० असे प्रमाण ठरले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय व इतर अशी आठ साधने दिली गेली. गुणांच्या जागी अ-१ पासून इ-२ पर्यंत नऊ श्रेणी आल्या, आणि वर्गातला क्रमांक प्रगतिपत्रकावरून गेला. प्रत्येक मुलाविषयी विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक असलेल्या बाबी अशा वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या.

कागदावरचा हा आराखडा चांगला होता, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य करायला हरकत नव्हती. दुसरीतल्या मुलाला वजाबाकी येते की नाही हे तीन तासांच्या उत्तरपत्रिकेपेक्षा त्याच्या पाटीवर अधिक लवकर कळते. अडचण अंमलबजावणीत होती. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता, प्रत्येक इयत्तेचे सगळे विषय, प्रत्येक विषयाला आठपैकी लागू पडतील ती साधने, आणि प्रत्येक मुलाची वर्षभराची नोंद, एवढा पसारा सांभाळायचा तर शिकवायला किती वेळ उरणार, या प्रश्नाचे उत्तर निर्णयात नव्हते. लवकरच वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या फिरू लागल्या. ‘परिसराचे बारकाईने निरीक्षण करतो’, ‘कवितागायनात रस घेतो’, ‘शुद्धलेखनात सुधारणा आवश्यक’ अशी वाक्ये एका वहीतून दुसऱ्या वहीत जाऊ लागली, आणि जी नोंद त्या एका मुलाविषयी असायला हवी होती, ती कोणाविषयीही असू शकेल अशी झाली. तपासणीला येणारा अधिकारी नोंदवही पूर्ण आहे का हे पाहत असे. मूल वाचते का हे पाहायला त्यालाही सवड नसे. खालच्या श्रेणीतील मुलांना अतिरिक्त मार्गदर्शन द्यावे, असे निर्णयात असले तरी त्यासाठी वेळापत्रकात वेगळी तासिका किंवा वेगळा माणूस क्वचितच होता. परिणामी सर्वांत खालच्या श्रेणीत मूल दाखवणे म्हणजे स्वतःसाठी जादा काम आणि जादा खुलासे ओढवून घेणे, असे शिक्षकाच्या लक्षात आले. श्रेणी वर सरकल्या आणि निकाल सुंदर दिसू लागले.

दरम्यान ग्रामीण भागातील मुलांच्या वाचनाची दरवर्षी होणारी स्वतंत्र पाहणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती : देशातील पाचवीच्या मुलांपैकी साधारण निम्मीच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकतात. कायदा लागू होण्यापूर्वीही चित्र फारसे उजळ नव्हते. तरीही ‘ढकलपास’ हा शब्द एव्हाना वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत रुळला होता आणि कारण सापडल्याचे समाधान सगळ्यांना झाले होते. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने २०१२ मध्येच या प्रश्नावर उपसमिती नेमली होती. पुढच्या काही वर्षांत बहुसंख्य राज्यांनी कलम १६ बदलण्याचा आग्रह धरला. कलम २९ आणि कलम ४ यांची अंमलबजावणी कितपत झाली, याचा हिशेब त्या आग्रहात फारसा दिसला नाही.

राज्याने मधला एक मार्ग काढून पाहिला. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि राज्यभर एकाच वेळी होणाऱ्या पायाभूत व संकलित चाचण्या आल्या. त्यामुळे शाळेच्या स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहण्यासाठी बाहेरचे एक माप मिळाले, जे आधी नव्हते. त्याची किंमत म्हणजे सत्राच्या सुरुवातीचे आणि शेवटचे काही आठवडे चाचणी, तपासणी आणि ऑनलाइन गुणनोंदणी यांत जाऊ लागले. २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांची जी मालिका सुरू झाली, ती याच परंपरेतली.

करोनाच्या दोन वर्षांनी या सगळ्या वादाचे एक टोक दाखवले. २०२० मध्ये वार्षिक परीक्षा झाल्या नाहीत. २०२१ मध्ये, ज्या मुलांचे मूल्यमापन वर्षभरात होऊच शकले नव्हते, त्यांच्या प्रगतिपत्रकावर ‘आरटीई ॲक्ट २००९ कलम १६ नुसार वर्गोन्नत’ असा शेरा देण्यात आला. मूल्यमापन आणि वर्गोन्नती या दोन गोष्टी एकमेकींपासून पूर्ण सुटू शकतात, हे त्याआधी इतक्या उघडपणे कोणी लिहून दिले नव्हते.

तोपर्यंत कायदा बदललेला होता. लोकसभेने २०१८ मध्ये आणि राज्यसभेने जानेवारी २०१९ मध्ये संमत केलेल्या दुरुस्तीनुसार पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा, अनुत्तीर्ण झाल्यास जादा शिकवणी आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा, आणि त्यातही अपयश आल्यास मुलाला मागे ठेवायचे की नाही हा निर्णय संबंधित सरकारचा, अशी रचना झाली. शाळेतून काढून टाकण्याची मनाई मात्र कायम राहिली. महाराष्ट्राने हा अधिकार वापरायला चार वर्षे घेतली. २०२३ मध्ये नियम बदलले गेले आणि २०२३-२४ च्या अखेरीस पाचवी व आठवीच्या पहिल्या वार्षिक परीक्षा या नव्या पद्धतीने झाल्या. त्याच बदलात सहावी ते आठवीत वयानुरूप प्रवेश मागणाऱ्या मुलाला आधी पाचवीची परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट आली. कलम ४ च्या मूळ हेतूला याने कितपत बाधा येते, यावर व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही. वीटभट्टीवरून उशिरा येणाऱ्या मुलीच्या बाजूने बोलणारे पालक-प्रतिनिधी नसतात. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी अशीच तरतूद केली.

या इतिहासाचा सत्रअखेरच्या कौतुकसोहळ्यावर झालेला परिणाम लक्षात येण्याजोगा आहे. पूर्वी वर्गातला पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक फलकावर लिहिला जाई. क्रमांक गेले, श्रेणी सगळ्यांच्या चांगल्या आल्या, आणि शाळेला सांगण्यासारखे यश शाळेबाहेरच्या परीक्षांत शोधावे लागले. म्हणून आज सत्रअखेरच्या वार्तापत्रात शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा आणि खासगी संस्थांच्या नाना स्पर्धा परीक्षा यांचीच नावे अधिक असतात. क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शन आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे नंतर येतात. वर्षभर गैरहजर राहणारा मुलगा नियमित येऊ लागला, ही शाळेच्या दृष्टीने मोठी कमाई असली तरी तिला कोणत्याही यादीत रकाना नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातील समग्र प्रगती पत्रक, ज्यात मूल स्वतः आणि त्याचे सहाध्यायीही नोंद करतील अशी कल्पना आहे, ही उणीव भरून काढू शकेल. पण २०१० च्या वर्णनात्मक नोंदींकडूनही नेमकी हीच अपेक्षा होती.

शिष्यवृत्तीचा मामला आणखी गुंतलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या ती चौथी आणि सातवीला होत असे. नव्या कायद्याने प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंत आणि उच्च प्राथमिक आठवीपर्यंत नेल्यामुळे २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीकडे वळवण्याचा निर्णय झाला, ज्यात संक्रमणाच्या वर्षी जुन्या आणि नव्या अशा चारही इयत्तांना संधी ठेवण्यात आली. परत वळवण्यामागचे कारण उघड आहे : जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा आजही चौथीपर्यंतच आहेत, आणि पाचवीची शिष्यवृत्ती त्यांच्या हाताबाहेर गेली होती. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवणारी वार्षिक परीक्षा मात्र पाचवीलाच राहिली आहे. त्यामुळे चौथीपर्यंतच्या शाळेच्या सत्रअखेरच्या पत्रकात शिष्यवृत्तीधारक झळकतील आणि अनुत्तीर्ण कोणीच नसेल. तीच मुले जूनमध्ये दुसऱ्या शाळेत जातील, आणि चार वर्षांत न झालेल्या वाचनाचा जाब त्यांना जेमतेम दहा महिने शिकवलेल्या शिक्षकाला द्यावा लागेल.