चकतीवरची दीड मिलिग्रॅम धूळ

नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीजकेंद्रात ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारायचे म्हणून मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. अशा सुनावणीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'कंपनीच्याच पैशाचा अहवाल, त्यात काय राम?' हा अहवाल म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास, आणि त्याचे पैसे प्रकल्पवालाच देतो, हे खरं. पण म्हणून अहवाल न उघडताच बाजूला सारला, तर फायदा त्याचाच.

अहवालातल्या पीएम २.५ च्या, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीच्या, मोजणीचं उदाहरण घ्या. मोजणीचा पंप मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतो. म्हणजे तासाला एक घनमीटर, दिवसाला २४. जाड कण वाटेतच अडतात आणि बारीक धूळ ४७ मिलिमीटरच्या पांढऱ्या टेफ्लॉन चकतीवर बसते. चकती आधी आणि नंतर तोलायची, वजनातल्या फरकाला हवेच्या घनफळानं भागायचं. २४ तासांची मर्यादा आहे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. हवा बरोबर मर्यादेवर असेल, तर चकतीचं वजन वाढतं फक्त १.४४ मिलिग्रॅमनं. मिठाचे वीस-पंचवीस दाणे! बोट लागलं किंवा चकती दमट झाली, की हिशेब बिघडला. म्हणून ती चिमट्यानंच उचलतात आणि दोन्ही वेळा तोलण्याआधी ठरावीक तापमान-आर्द्रतेच्या खोलीत दिवसभर ठेवतात.

मोठी गफलत होते ती विजेमुळे. पंप गावातल्या एखाद्या गच्चीवर असतो. सहा तास वीज गेली, तर हवा ओढली जाते १८ घनमीटर आणि धूळ जमते १०८० मायक्रोग्रॅम. तक्ता भरणाऱ्यानं सवयीनं २४ नं भागलं, की ६० चे झाले ४५. वजन खरं, भागाकार खरा, हवा मात्र कागदावर स्वच्छ.

दुसरी मेख हंगामाची. पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी सहसा चालते. मे महिन्यात नागपूरची जमीन तापते, हवा उंचवर घुसळते, धूळ पातळ होते. डिसेंबरच्या रात्री उलट: जमिनीलगत थंड हवा, वर उबदार हवेचं झाकण. ही तापमानाची विपरीतता. चुलीचा, ट्रकचा धूर आणि राखेची धूळ झाकणाखालीच कोंडते. उंच चिमणीचा धूर झाकणाच्या वर निसटतो खरा, पण झाकणाखालीच अडकला तर सकाळी ऊन चढताना एकदम खाली उतरतो. उन्हाळ्यातली मोजणी यातलं काहीच दाखवत नाही.

असे अहवाल करणाऱ्यांच्या व्यवसायाची जागतिक संघटना, इंटरनॅशनल असोसिएशन फॉर इम्पॅक्ट असेसमेंट, १९८० पासून आहे. तिची आचारसंहिता सभासदांकडून प्रामाणिकपणा मागते. पण सभासदत्व म्हणजे परवाना नव्हे. भारतात अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थेला नॅबेट या मान्यता मंडळाची मान्यता लागते. पण ती असली, तरी पंपाचे तास कोणी मोजत बसत नाही.

ते तास गावकऱ्यांनी विचारावेत. सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते, अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहता येतो. मराठीत मिळतो तो फक्त सारांश. म्हणून इंग्रजी जाणणारा एक जण सोबत न्यावा आणि परिशिष्टात चार गोष्टी शोधाव्यात: चकतीचा क्रमांक, दोन्ही वजनं, तारीख, पंप चालल्याचे तास. तास प्रत्येक ओळीत नेमके २४ असतील, तर त्या महिन्यातल्या वीज बंद असल्याच्या नोंदीही मागाव्यात.