‘स्टार ट्रेक’च्या फॅन फिल्म्स आणि पंधरा मिनिटांची अट : पार्श्वभूमी

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथा-मालिकेचे चाहते पदरमोड करून फॅन फिल्म्स, म्हणजे त्याच विश्वातल्या हौशी फिल्म्स, काढीत आले ते गेली कित्येक दशके, आणि पुढे मूळ मालिकेतले काही नट त्यांत हौसेने उतरले तरी हक्कधारकांनी त्याकडे काणाडोळाच केला. लेखी परवानगी मात्र नव्हती. बिनबोभाट चाललेले हे प्रकरण बिघडले ते लोकवर्गणीच्या आकड्यामुळे : २०१४ मध्ये एकवीस मिनिटांची झलक दाखवून एका गटाने पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली आणि व्यावसायिक नट-तंत्रज्ञ गाठले. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरामाउंट आणि सीबीएस या दोन्ही हक्कधारक कंपन्यांनी कॅलिफोर्नियातील फेडरल कोर्टात या गटावर दावा लावला.

दावा चालू असतानाच, २३ जून २०१६ रोजी, फॅन फिल्म्ससाठी कंपन्यांच्या दहा कलमांच्या ‘गाइडलाइन्स’ जाहीर झाल्या, आणि खरा घोळ या शब्दापाशी आहे. तो ना कायदा, ना परवाना. अटी पाळणाऱ्या हौशी निर्मितीला आम्ही हरकत घेणार नाही, एवढीच ती हमी. तीही कधीही बदलण्याचा किंवा मागे घेण्याचा अधिकार राखून दिलेली. अट मोडली की फिल्म आपोआप बेकायदा ठरते, हा अनेकांचा समज त्यामुळे बरोबर नाही. पण अट पाळून कोणाला हक्क मिळतो, असेही नाही. मुख्य अटी अशा : एक कथा पंधरा मिनिटांची, फार तर दोन भागांत मिळून तीस. पुढचे भाग नाहीत. वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत. मानधन कोणालाच नाही. सर्वांत बोचली ती मालिकेत पूर्वी काम केलेल्यांना मज्जाव करणारी अट, कारण जुने नट हेच या फिल्म्सचे वैभव होते. बाजारात मिळणारे गणवेश वापरायचे तर ते अधिकृतच हवेत, या कलमाने घरी शिवणारे धास्तावले. घरी शिवलेले चालतील, असा खुलासा नंतर करावा लागला.

जानेवारी २०१७ मध्ये कोर्टाने त्या गटाचा ‘फेअर यूज’चा, म्हणजे परवानगीविना केलेला वापरही कायद्याने रास्त ठरतो असा, बचाव फेटाळला आणि त्याच महिन्यात तडजोड झाली : गटाने पंधरा-पंधरा मिनिटांचे दोनच भाग काढायचे.

चाहत्यांपैकी काहींनी काम थांबवले, काही पंधरा मिनिटांत गोष्ट बसवायला शिकले, तर एका गटाने ‘स्टार ट्रेक’च्या सगळ्या खुणा पुसून तीच फिल्म स्वतंत्र कथा म्हणून पुरी केली. एका मालिकेने मर्यादेहून कितीतरी मोठे भाग दाखवणे चालूच ठेवले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अकरावा भाग दाखवून ती थांबली. तिच्यावर दावा झाला नाही.