लोणारचा खड्डा आणि नाशिकचा कातळ: उल्काघात कुठला, लाव्हा कुठला?

पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना, कसारा घाट उतरताना किंवा त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीकडे मान वर करून बघताना दिसतो तो काळा कातळ लाव्हाचा. लोणार सरोवराच्या काठावरचा कातळही तोच, पण तिथला खड्डा पाडला तो आकाशातून आलेल्या दगडाने. घोळ नेमका इथे होतो. दोन्हीकडे दगड काळा, दोन्हीकडे काहीतरी वितळून थिजल्यासारखं. मग त्र्यंबकला तिन्ही बाजूंनी वेढणाऱ्या कड्यांकडे बोट दाखवून कुणी ‘हे उल्केचं विवर’ म्हणतं, तर लोणारला गेलेला कुणी ‘हा विझलेला ज्वालामुखी’ असं सांगत परत येतो.

हसण्यासारखं त्यात काही नाही, कारण जाणकारही इथे फसलेले आहेत. लोणार ज्वालामुखीच असावा असं भूशास्त्रज्ञ दीर्घकाळ धरून चालले होते. 1896 मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने अ‍ॅरिझोनातल्या विवराशी त्याचं साम्य नोंदवलं; पक्का पुरावा हाती यायला मात्र 1970 चं दशक उजाडावं लागलं. मेक्सिकोत तर याहून मोठी गंमत. युकातान द्वीपकल्पात तेल शोधताना सरकारी तेल कंपनीने विंधन विहिरी खणल्या, वितळून थिजलेला खडक वर आला आणि तो ज्वालामुखीचा समजून बाजूला ठेवला गेला. डायनासोर ज्याच्या काळात संपले ते चिक्शुलूबचं विवर तेच, हे 1991 मध्ये मान्य झालं.

सगळे फसतात ते एकाच कारणाने: जळल्याच्या खुणा शोधतात. उष्णता तर दोन्हीकडे असते. लाव्हाकडे नसतो तो दाब. बेसाल्टचा, म्हणजे आपल्या याच काळ्या कातळाचा, लाव्हा साधारण 1,100 ते 1,200 अंश सेल्सियस तापमानाला भेगांतून वर येतो, पसरतो आणि निवांत थंड होतो. दहा-वीस मीटर जाडीचा प्रवाह आतपर्यंत घट्ट व्हायला काही वर्षं लागतात. उल्काघातात खडकावर लाखो वातावरणांइतका, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या लाखो पट, दाब येतो आणि सेकंदाच्याही छोट्या भागात ओसरतो. इतक्या कमी वेळात खनिजांना नीट वितळायलाही सवड मिळत नाही, ती जागच्या जागी मोडतात. त्यामुळे ओळख पटवायची ती या मोडतोडीवरून.

डोंगर कसा वाचायचा

आधी नाशिकचा कातळ. रस्त्यासाठी तोडलेला एखादा ताजा कडा गाठा आणि खालून वर बघत जा. प्रवाहाच्या तळाशी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. खालच्या ओलसर जमिनीतली वाफ लाव्हातून वर निसटताना त्या तयार झाल्या. मधला भाग घट्ट, निळसर काळा आणि उभ्या चिरा पडलेला. बांधकामाचा चांगला दगड आणि खडी इथूनच निघते. माथ्याकडे बुडबुड्यांची दाटी वाढते, कारण वायू वर जाऊन सायीसारख्या गोठत आलेल्या पृष्ठाखाली अडकले. पुढे या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यातून झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीची फिकट रंगाची खनिजं वाढली. पांडवलेणीजवळच्या खाणींतले स्टिलबाइट आणि अ‍ॅपोफिलाइटचे पांढरे-हिरवे स्फटिक जगभरच्या संग्रहांत गेले आहेत, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते हातभर अंतरावरून बघता येतात.

दोन प्रवाहांच्या मध्ये कधीकधी विटकरी लाल पट्टा सापडतो. हा पट्टा सोडून पुढे जाऊ नका. तो म्हणजे एक प्रवाह थंड होऊन त्याचा पृष्ठभाग हवा-पावसाने कुजल्यानंतर दुसरा प्रवाह वर आला याची नोंद. म्हणजे उद्रेक सलग नव्हता, मध्ये विश्रांती होती. आणि हे सगळे थर जवळजवळ आडवे आहेत. साल्हेर घ्या, अंजनेरी घ्या, नाहीतर ब्रह्मगिरी. कड्याची एक आडवी रेघ पकडून समोरच्या डोंगराकडे नजर नेली की तीच रेघ त्याच उंचीच्या आसपास पुन्हा भेटते. त्र्यंबकचा अर्धगोल विवराचा नाही. सपाट थर पाण्याने कोरत नेले, मऊ थर आधी गेला, टणक उभा राहिला. शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या टोकाला मुख असलं चित्र इथे शोधू नये; दख्खनचा लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांतून आला, आणि त्यातल्या काही भेगा थिजून भिंतींसारख्या उभ्या आहेत. नाशिक-पुणे पट्ट्यात त्या बऱ्याच सापडतात.

आता लोणार. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास, कड भोवतालच्या सपाटीपेक्षा पंचवीस-तीस मीटर उंच. कडेजवळ बेसाल्टचे थर बघा: आडवे नाहीत. बाहेरच्या दिशेला कललेले आहेत, आणि काही ठिकाणी पानासारखे उलटून पडले आहेत, म्हणजे वय बघता तळाचा थर वर आला आहे. ज्वालामुखीच्या मुखाभोवतीही उंच कड असते, पण ती नव्याने बाहेर पडलेल्या राख-लाव्हाचे थर एकावर एक साचून होते. लोणारला नवा लाव्हा नाहीच. आहे तो सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा जुना दख्खनी बेसाल्ट, वर उचललेला आणि उलथवलेला. कडेबाहेर चुरा झालेल्या दगडांचं आवरण किलोमीटरभर तरी पसरलेलं आहे आणि त्यात बारीक काचेचे गोल थेंब मिळतात. (मिळतात म्हणून उचलू नयेत, हा परिसर अभयारण्य आहे.)

शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा. जगात इतरत्र उल्काघात सिद्ध करायला क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचं खनिज बघतात: आघाताने त्याच्या कणांत काही हजारांश मिलिमीटर अंतरावर समांतर रेघांचे संच उमटतात, एकमेकांना छेद देणारे, आणि असे संच ज्वालामुखीत तयार होत नाहीत. लोणारची अडचण अशी की बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतंच. म्हणून तिथे फेल्डस्पार या बेसाल्टमधल्या दुसऱ्या खनिजाकडे वळावं लागलं. सुमारे 3 लाख वातावरणांच्या दाबाला प्लेजिओक्लेज फेल्डस्पार न वितळता काच बनतं. कणाचा आकार तसाच राहतो, आतली स्फटिकरचना गायब. याला मॅस्केलिनाइट म्हणतात. सरोवराच्या तळाखालच्या चुऱ्यात विंधन करून हे सापडलं, 1973 मध्ये प्रसिद्ध झालं आणि ज्वालामुखीचा वाद तिथे मिटला.

मग डायनासोर कुणी मारले?

इथे दोन आपत्ती खरोखरच एकमेकींच्या अंगावर येऊन पडतात, आणि म्हणून हा प्रश्न सर्वांत किचकट. दख्खनचा मुख्य उद्रेक साधारण 10 लाख वर्षांच्या आत झाला आणि चिक्शुलूबचा आघात याच अवधीत, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. एकीकडे पश्चिम घाटात दोन किलोमीटरहून जाड थर आणि आज उरलेलं सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र. दुसरीकडे 10 किलोमीटर किंवा त्याहून मोठा दगड आणि 180 किलोमीटरचं विवर. दोघांनीही हवेत गंधक आणि कार्बन डायऑक्साइड सोडला. फरक वेगाचा आहे. लाव्हाने हवामान हजारो वर्षं हेलकावत ठेवलं, आघाताने काही दिवसांत अंधार केला. आमचं मत विचाराल तर नामशेष होण्याचा घाव आघाताचा. लाव्हाने आधीच जीवसृष्टीला किती थकवलं होतं यावर शास्त्रज्ञांत अजून खडाजंगी आहे आणि ती रास्त आहे.

1980 मध्ये अल्वारेझ पिता-पुत्रांच्या गटाने इटलीतल्या गुब्बियो इथल्या, डायनासोर संपले त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम नेहमीच्या तीसपट दाखवलं. हा धातू पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, उल्कांत भरपूर. पण 1983 मध्ये हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीच्या वायूबरोबर येणाऱ्या कणांतही इरिडियम आढळलं. म्हणजे एकट्या इरिडियमवर निकाल देता येत नाही. 1984 मध्ये अमेरिकेत त्याच थरात आघाताच्या रेघांचं क्वार्ट्झ मिळालं तेव्हा पारडं झुकलं. पुन्हा तेच: रसायन संशय निर्माण करतं, दाबाची खूण निकाल देते. तो दगड धूमकेतू होता का, हेही अनेकदा विचारलं जातं. त्या थरातल्या रुथेनियम या धातूची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) 2024 मध्ये तपासली गेली. ती कार्बनयुक्त लघुग्रहाशी जुळतात, धूमकेतूशी नाहीत.

पुराणं आणि साक्षीदार

धूमकेतू आणि उल्का हे जुन्या लोकांनी एकात कालवलेले नाहीत, आपणच कालवतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतुचार हा अध्याय वेगळा आणि उल्कालक्षण वेगळा. महाभारताच्या भीष्मपर्वात धूमकेतू पुष्य नक्षत्र गाठून ठाण मांडतो. मौसलपर्वात उल्का अंगार ओतत जमिनीवर कोसळतात. निरीक्षण बिनचूक आहे. धूमकेतू तारकांमध्ये आठवडेच्या आठवडे दिसतो, उल्का डोळ्याचं पातं लवायच्या आत जाते. 1910 च्या मे महिन्यात हॅलेच्या धूमकेतूची शेपटी पृथ्वीवरून गेली तेव्हा लोक घाबरले, झालं काहीच नाही. शेपटी अतिशय विरळ असते, घात करतं ते केंद्रक, म्हणजे धूमकेतूचा मधला घट्ट गोळा.

लोणारच्या कथेत विष्णू दैत्यसूदन होऊन भूमीखाली दडलेल्या लोणासुराला मारतो. ही आघाताची आठवण आहे असं आवर्जून सांगितलं जातं, आणि त्याला बळ मिळालं होतं ते जुन्या वयामुळे: 1990 च्या दशकात विवराचं वय सुमारे 52 हजार वर्षं निघालं, म्हणजे बघायला माणूस असू शकला असता. 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीने वय निघालं सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं. आपली मानवजात तेव्हा नव्हतीच. कथा खड्डा बघून रचली गेली, आघात बघून नव्हे. ब्रह्मगिरीवर शंकराने जटा आपटली आणि गोदावरी आली या कथेत लाव्हा शोधणाऱ्यांनी तर 6 कोटी वर्षांचा हिशेब द्यायला हवा. साक्षीदार असलेली विवरं आहेत, पण ती लहान आणि कोवळ्या वयाची. ऑस्ट्रेलियातली हेनबरी विवरं चार-पाच हजार वर्षांपूर्वीची, आणि तिथल्या आदिवासींच्या सांगण्यात आकाशातून आलेली आग आहे. तिथे आठवणीचा दावा तपासण्याजोगा आहे.

हातातला काळा दगड

नाशिक परिसरात ‘उल्का सापडली’ म्हणून दाखवले जाणारे दगड बहुतेक दोन प्रकारचे असतात: पोकळ्यांचा बेसाल्ट आणि फाउंड्रीतला स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना उरलेली मळी. छिद्रं दिसली की लोक खूश होतात, खरं तर तिथेच थांबायला हवं. उल्कापाषाणात बुडबुडे जवळजवळ कधीच नसतात. त्याच्यावर मिलिमीटरहून पातळ, काळपट, निस्तेज साल असते आणि कधी मऊ मातीत अंगठे दाबल्यासारखे खळगे.

घनता घरी काढता येते. दगड कोरडा असताना वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेला दगड पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही असा धरा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर आकारमान. 580 ग्रॅमच्या दगडाला काटा 200 दाखवत असेल तर घनता 2.9, म्हणजे बेसाल्ट. साध्या दगडी उल्का 3.2 ते 3.8 च्या घरात, लोखंडी 7.8 च्या आसपास. पोकळ्यांत हवा अडकली तर आकडा खाली येतो. उल्केची खरोखर शंका असेल तर मात्र पाणी टाळा, आतलं लोखंड गंजतं.

चुंबकाची चाचणी आपल्याकडे दगा देते. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकीय खनिज असल्याने दोऱ्याला टांगलेलं चुंबक त्याच्याकडेही थोडं झुकतं. आणि ताकदवान निओडिमियम चुंबक दगडाला चिकटवू नये. खरी उल्का निघाली तर तिच्यातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. त्यापेक्षा न चकाकणाऱ्या टाइलच्या मागच्या बाजूवर दगड घासा: काळी रेघ मॅग्नेटाइटची, लालसर हेमटाइट या लोखंडाच्या दुसऱ्या खनिजाची, ताज्या उल्केची रेघ उमटतच नाही किंवा अगदी फिकट. एक कोपरा कानसून आत धातूचे चमकते ठिपके आणि मिलिमीटरभर गोल दाणे दिसले तरच पुढे जावं.

एप्रिल 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ पडलेली मोठी धातूची कडी अनेकांनी उल्का समजली होती. ती चिनी रॉकेटची निघाली. आकाशातून पडलेला ताजा तुकडा सापडलाच तर जागेचा फोटो, वेळ आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश नोंदवून तो कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवा आणि तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशातल्या उल्कापाषाणांचा अधिकृत संग्रह त्यांच्याकडे कोलकात्यात आहे.