वाळवंटातलं ऊन रात्री वापरायची दीडशे वर्षांची खटपट

जानेवारी २०२५ मध्ये अबुधाबीने जाहीर केलं की ५.२ गिगावॅटचे सोलर पॅनल आणि १९ गिगावॅट-अवरच्या (म्हणजे १ गिगावॅट वीज १९ तास पुरेल एवढ्या) बॅटऱ्या एकत्र लावून चोवीस तास सलग १ गिगावॅट वीज देणार, खर्च साधारण ६ अब्ज डॉलर, २०२७ पर्यंत काम पूर्ण. आपल्याकडे कच्छच्या रणात खावड्यालाही आता पॅनलसोबत बॅटऱ्यांचीच चर्चा आहे. या बातम्या वाचून वाटतं की हे सगळं गेल्या चार-पाच वर्षांतलंच प्रकरण, पण तसं नाहीये. ऊन पकडणं लोकांना फार आधी जमलं होतं, सगळं घोडं पेंड खात होतं ते संध्याकाळी सहानंतर काय या प्रश्नावर, आणि त्याचं उत्तर शोधताना बराच काळ बॅटरी कुणाच्या खिजगणतीतही नव्हती.

थोडं मागे जायचं तर एक टोक मुंबईत सापडतं. मुंबई हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार असलेला विल्यम अ‍ॅडम्स नावाचा इंग्रज १८७० च्या दशकात कुलाब्याला छोटे सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून त्यांचं ऊन एकाच बॉयलरवर पाडायचा, त्या वाफेवर अडीच हॉर्सपॉवरचा पंप चालवून त्याने लोकांना दाखवला, १८७८ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं. आजच्या सोलर टॉवरची मांडणी बघा, आरसे खाली पसरलेले आणि गरम करायची वस्तू मध्ये, कल्पना तीच. वाळवंटात हे मोठ्या आकारात नेलं फिलाडेल्फियाच्या फ्रँक शूमनने, १९१३ मध्ये कैरोजवळ मादी इथे. लांबच लांब पन्हाळीसारखे आरसे, त्यांच्या मधोमध पाण्याची नळी, आणि तयार झालेल्या वाफेवर नाईलचं पाणी शेतात चढवायचं. आधी लावलेल्या जस्ताच्या नळ्या इजिप्तच्या उन्हाने चक्क वितळून लोंबायला लागल्या, मग बिडाच्या बसवाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं, कारखाना बंद, १९१८ ला शूमन गेला, आणि नंतर तेल इतकं स्वस्त झालं की पन्नासेक वर्षं या विषयाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

१९७३ ला तेलाचे भाव भडकले आणि अमेरिकेला एकदम सूर्य आठवला. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात डॅगेट इथे सरकारी पैशातून सोलर वन नावाचा टॉवरवाला प्लांट उभा राहिला, १० मेगावॅट, १,८१८ आरसे, १९८२ पासून सुरू. टॉवरवर पाण्याची वाफ करायची आणि जास्तीची उष्णता दगड-वाळू भरलेल्या टाकीत गरम तेलावाटे साठवायची अशी योजना होती, पण तेलाच्या त्या टाकीला १९८६ मध्ये आग लागली. त्याच भागात लुझ नावाच्या कंपनीने १९८४ ते १९९० मध्ये शूमनसारख्याच पन्हाळी आरशांचे नऊ प्लांट टाकले, एकूण ३५४ मेगावॅट, तेव्हाच्या मानाने अफाटच. पण पहिला प्लांट सोडला तर पुढच्यांत साठवणुकीच्या भानगडीतच पडले नाहीत, ऊन कमी पडलं की गॅस जाळायचा. व्यवहार म्हणून यात काही चूक नव्हती. तरी करसवलतींच्या घोळात १९९१ ला लुझचं दिवाळं वाजलं, प्लांट मात्र पुढे कित्येक वर्षं चालले.

खरी कलाटणी मिळाली सोलर टूला. जुना सोलर वनच डागडुजी करून १९९६ मध्ये परत चालू केला, फक्त पाण्याऐवजी टॉवरवर मीठ चढवलं. जेवणातलं मीठ नाही हं, सोडियम नायट्रेट ६० टक्के आणि पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपला सोरा ४० टक्के. हे मिश्रण 'थंड' टाकीत असतं तेव्हाच २९० डिग्री असतं, तिथून पंपाने टॉवरवर न्यायचं, आरशांच्या झोतात ते ५६५ डिग्रीपर्यंत तापतं, मग खाली गरम टाकीत उतरवून ठेवायचं, आणि संध्याकाळी लोकांनी दिवे लावले की त्यातून वाफ करून टर्बाइन फिरवायचं. ऐकायला सोपं आहे. पण २४० च्या खाली गेलं की हे मीठ गोठायला लागतं, म्हणून प्रत्येक पाइपला, प्रत्येक व्हॉल्व्हला बाहेरून विजेच्या हीटरच्या तारा गुंडाळाव्या लागतात आणि एखादा कोपरा थंड राहिला की लाइन चोक. १९९९ ला प्रयोग संपला, पण ऊन साठवून रात्री वीज देता येते हे तेवढ्यात सिद्ध झालं होतं.

मग स्पेनने हात घातला. ग्रॅनाडाजवळच्या अंदासोल १ मध्ये साडेसात तासांची साठवणूक, म्हणजे ऊन गेल्यावरही तेवढे तास वीज, त्यासाठी २८,५०० टन मीठ. २०११ ला सेव्हिलच्या बाजूला हेमासोलर, २० मेगावॅटच्या आतला पण १५ तासांचा साठा असलेला, उन्हाळ्यात दिवसरात्र अखंड चालायचा. जगभरात जोर आला तो तिथून. मोरोक्कोत वार्झाझातला नूर, २०१६ पासून टप्प्याटप्प्याने. दुबईत २६२ मीटरचा टॉवर. चिलीच्या अटाकामात साडेसतरा तासांचा सेरो डोमिनाडोर, आणि गंमत म्हणजे या प्लांटना लागणारं नायट्रेट मोठ्या प्रमाणात त्याच अटाकामाच्या जमिनीतून निघतं.

आणि तेवढ्यात नेवाडात क्रेसेंट ड्यून्सने माती खाल्ली. ११० मेगावॅट, दहा हजारांवर आरसे, १० तासांचा साठा, वर सरकारची ७३७ दशलक्ष डॉलरची कर्जहमी. २०१५ ला चालू झाला, २०१६ च्या ऑक्टोबरात गरम टाकीच गळायला लागली, आठेक महिने सगळं ठप्प. २०१९ ला वीज घेणाऱ्या कंपनीने करार मोडला, २०२० ला दिवाळखोरी. माझ्या मते मिठाच्या टॉवरचा घात उन्हाने केला नाही, टाकीच्या बुडाने केला. शेकडो डिग्रीला रोज फुगणारं-आकसणारं ते बूड, पुढे मोरोक्कोतल्या नूर ३ लाही गळक्या टाकीनेच गाठलं. आणि एक टाकी गेली की अख्खा प्लांट बसतो.

आपल्याकडे जानेवारी २०१० ला राष्ट्रीय सौर मिशन आलं तेव्हा सरकारने दोन्हींवर पैज लावली होती, पॅनलवर आणि आरशांवरही. आरशांचे ४७० मेगावॅटचे प्रकल्प पहिल्या टप्प्यात दिले, दर साडेदहा ते सव्वाबारा रुपये युनिट. निम्मेही उभे राहिले नाहीत. सॅटेलाइटच्या आकड्यांवरून धरलेलं थेट ऊन प्रत्यक्षात राजस्थानच्या धुळीत तेवढं मिळेना, आणि आरशाला थेट ऊनच लागतं, पॅनलसारखं विखुरलेल्या उजेडावर त्याचं भागत नाही. जैसलमेरजवळ गोदावरी नावाच्या कंपनीचा ५० मेगावॅटचा आणि धूडसरला रिलायन्सचा मोठा प्लांट झाला. अबू रोडला ब्रह्माकुमारींच्या इंडिया वन प्रकल्पात तर आरशांच्या ७७० डिश लावून बिडाच्या ठोकळ्यांत उष्णता साठवतात, १ मेगावॅटच आहे पण चिकाटीला दाद द्यायला हवी. तोवर पॅनलचे भाव असे कोसळले की मे २०१७ ला राजस्थानातल्या भडला सोलर पार्कच्या लिलावात २.४४ रुपये दर निघाला. सव्वाबारा विरुद्ध अडीच, मग आरसे कोण घेणार?

पण स्वस्त पॅनलने जुनाच प्रश्न मोठा करून परत आणला. दुपारी विजेचा पूर, संध्याकाळी टंचाई. राजस्थानात तर वाहून न्यायला लाइन अपुऱ्या म्हणून २०२५ मध्ये तयार वीजही बंद करायची वेळ आली. दरम्यान इलेक्ट्रिक गाड्यांमुळे लिथियम बॅटऱ्या स्वस्त होत गेल्या, २०१७ ला दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलची १०० मेगावॅटची बॅटरी बसली आणि ग्रीडवर बॅटरी चालते हे सगळ्यांना दिसलं, मोहावीत एडवर्ड्स-सॅनबॉर्नमध्ये ८७५ मेगावॅट पॅनलसोबत ३,२८७ मेगावॅट-अवर साठा आला. बॅटऱ्यांचा एखादा कंटेनर बिघडला तर तेवढा बाजूला काढता येतो, बाकीचे चालतात, मिठाच्या टाकीला ही सोय नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या केंद्रीय वीज प्राधिकरणानेही सांगितलं की नव्या सोलर टेंडरमध्ये क्षमतेच्या किमान १० टक्के, दोन तासांचा साठा धरा. चीन मात्र मिठाचे टॉवर अजून बांधतोय, गोबीकडे आणि चिंगहायमध्ये, कारण अख्खी रात्र भागवायची तर त्यांना तो पर्याय हातात ठेवायचाय.

आता अबुधाबीचा हिशोब परत बघा: १ गिगावॅट सलग द्यायला पाचपटीहून जास्त पॅनल. राजस्थानातल्या थरच्या वाळवंटात असं काही करायचं म्हटलं तर जमीन लागणार, आणि थर म्हणजे रिकामी वाळू नाही. तिथे देवाच्या नावाने राखलेली ओरणं आहेत, ज्यांत गावाची गुरं चरतात, खेजडी म्हणजे शमीची झाडं तोडायला विरोध करणारे बिष्णोई समाजाचे लोक आहेत, आणि गोडावण म्हणजे आपला नान्नजचा माळढोक आहे, ज्याच्यासाठी सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये विजेच्या तारा जमिनीखाली घालायला सांगितल्या आणि मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. बॅटरीच्या टेंडरमध्ये किती तास आणि काय दर हे असतं, ओरण कुठवर हे नसतं, त्यामुळे यापुढची भांडणं जमिनीवरूनच जास्त होणार असं मला तरी दिसतंय.