लसीकरणविषयक निर्णय

लस उपलब्ध असताना ती घ्यावी की नाही, मुलाला द्यावी की नाही, आणि द्यायची तर लगेच की काही काळ थांबून, याविषयी व्यक्ती किंवा कुटुंब जे ठरवते त्यामागील कारणांचा अभ्यास सार्वजनिक आरोग्यशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही शाखांत केला जातो. लस सुरक्षित व गुणकारी आहे हे सिद्ध झाले की लोक ती आपणहून घेतील, हा समज लसीकरणाच्या इतिहासात वारंवार खोटा ठरला आहे. आणि लस न घेणारा प्रत्येक जण अडाणी किंवा अंधश्रद्ध असतो, हा आरोग्य यंत्रणांचा आवडता समजही तितकाच खोटा आहे. लस मनापासून स्वीकारणारे आणि ठामपणे नाकारणारे यांच्या दरम्यान फार मोठा वर्ग असतो. तो काही लसी घेतो आणि काही टाळतो, पहिल्या मात्रेनंतर दुसरीला फिरकत नाही, किंवा शेजारच्या मुलांना काही होते का ते पाहून मग ठरवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये या वर्तनाला लसविषयक साशंकता मानून तिची व्याख्या केली : लसीकरणाची सेवा उपलब्ध असूनही लस घेण्यास विलंब लावणे किंवा नकार देणे. त्यामागे विश्वासाचा अभाव, रोगाविषयीची बेफिकिरी आणि सोयीचा प्रश्न अशी तीन कारणे या गटाने मानली. पुढील संशोधकांनी त्यांत लाभहानीचा हिशेब करण्याची वृत्ती आणि इतरांच्या संरक्षणाची जबाबदारी यांची भर घातली. २०१९ मध्ये संघटनेने जागतिक आरोग्यापुढील दहा प्रमुख धोक्यांत साशंकतेची गणना केली, तेव्हापासून हा विषय वृत्तपत्रांपर्यंत पोहोचला. मूळ व्याख्येतील ‘सेवा उपलब्ध असूनही’ ही अट मात्र वापरात बरेचदा गळून पडते. महिन्यातून एकदा, तेही कामाच्या वेळी, पाच किलोमीटरवरच्या उपकेंद्रात भरणाऱ्या सत्राला उपलब्ध सेवा म्हणायचे का, हे आधी ठरवल्याशिवाय तेथे न आलेल्या आईला साशंक म्हणता येत नाही.

जोखमीचा अंदाज माणसे आकडेवारीवरून क्वचितच बांधतात; डोळ्यांपुढे काय आहे यावरून बांधतात. घटसर्पाने घुसमटलेले किंवा पोलिओने पांगळे झालेले मूल ज्या पिढीने पाहिले, तिला लसीचे महत्त्व पटवावे लागत नव्हते. लस यशस्वी झाली की रोग दिसेनासा होतो आणि उरतो तो फक्त लसीचा त्रास. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. आपण काही केल्यामुळे झालेला अपाय, काही न केल्यामुळे झालेल्या तितक्याच किंवा त्याहून मोठ्या अपायापेक्षा माणसाच्या मनाला अधिक टोचतो. म्हणून पालक न दिलेल्या लसीचा धोका पत्करतात, पण दिलेल्या लसीचा लहानसा धोकाही त्यांना सोसवत नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते दीड महिन्याच्या बाळाला मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरील एकत्रित, लसीवरून दिसते. मांडीत इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळपर्यंत जागा लाल होऊन सुजते, रात्री ताप येतो, बाळ पाय हलवू देत नाही आणि रात्रभर किरकिर करते. सकाळपर्यंत निरोगी असलेले मूल दवाखान्यात नेऊन आजारी करून आणले, हा निष्कर्ष घरातल्या मोठ्या माणसांनी काढला तर त्यात अतार्किक असे काही नाही. पुढच्या दोन मात्रा, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या, बहुधा येथेच हुकतात. कारण बाळाला केंद्रावर आई घेऊन जात असली तरी ‘आता पुन्हा टोचायला नेऊ नको’ हे सांगण्याचा अधिकार सासूचा किंवा नवऱ्याचा असतो. अनुभवी नर्सबाई म्हणूनच लस देण्याआधी सांगून ठेवतात की ताप येईल, गाठ येईल, गाठ चोळू नका, आणि तापाच्या औषधाचे बाळापुरते प्रमाण दाखवून देतात. आधी सांगितलेला ताप अपेक्षित ठरतो, न सांगितलेला ताप लपवाछपवीचा पुरावा ठरतो. ताप दोन्ही घरांत सारखाच असतो.

विश्वासाचा प्रश्न लसीपुरता नसतो. ती कोण घेऊन आले आणि त्याने याआधी आपल्याशी कसा व्यवहार केला, याचा तो प्रश्न असतो. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेगची साथ उघड झाली. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही अशा वावड्या उठल्या आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. परंतु त्याच वर्षी साथरोग कायदा लागू झाला आणि पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोरे सोल्जर घरांत घुसून झडत्या घेऊ लागले, सामान बाहेर काढून जाळू लागले, स्त्रियांची तपासणी करू लागले. जे सरकार घरात शिरून माणसे उचलून नेते, त्याच सरकारची सुई दंडात टोचून घ्यायची होती. लस गुणकारी आहे की नाही हा मुद्दा अनेकांच्या दृष्टीने त्यानंतरचा होता.

मुंबईच्या खोजा समाजात मात्र चित्र वेगळे दिसले. तिसरे आगाखान यांनी हाफकिन यांना आश्रय दिला, अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, आणि त्या समाजातील हजारो लोक टोचून घ्यायला पुढे आले. लस तीच होती, शहर तेच होते. मिळवलेला असा विश्वास घालवायला एक बाटलीही पुरते, हे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी दिसले. तेथे एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या ज्या संस्थेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे, तिच्या स्थापनेच्या काळातील ही हकीकत लसींविषयीच्या चर्चेत आजही उपयोगी पडते, कारण लसीतला दोष आणि लस देण्यातला दोष यांत फरक करण्याची सवड घाबरलेल्या गावाला नसते.

उत्तर प्रदेशातील पोलिओ मोहिमेचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोलका आहे. २००२ मध्ये देशात पोलिओचे सुमारे १,६०० रुग्ण आढळले, त्यांपैकी बहुसंख्य या एका राज्यातील होते. पश्चिम उत्तर प्रदेशातील मुस्लिम वस्त्यांत हे थेंब मुलांना पुढे वंध्यत्व आणतात अशी अफवा होती, आणि सक्तीच्या नसबंदीची आठवण अजून ताजी असलेल्या प्रदेशात ती रुजायला फार काही लागले नाही. पण नकारामागे दुसरेही कारण होते. गटार नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, हगवणीच्या औषधाला कुणी विचारत नाही, आणि हे एकच औषध मात्र दर महिन्या-दोन महिन्यांनी फुकट, घरपोच आणि इतक्या आग्रहाने का येते? हा प्रश्न सरळ होता. काही वस्त्यांनी तर रस्ता किंवा हातपंप मिळेपर्यंत थेंब घेणार नाही असे सांगून नकाराचाच सौद्यासाठी वापर केला. पथके खडूने दारावर खूण करत : सर्व मुलांना थेंब मिळालेल्या घरावर ‘पी’, कुलूप असलेल्या किंवा नकार देणाऱ्या घरावर ‘एक्स’. त्या ‘एक्स’च्या घरांत पुन्हापुन्हा जायला युनिसेफने त्याच मोहल्ल्यांतील स्त्रिया नेमल्या, मशिदींतून घोषणा होऊ लागल्या, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया यांसारख्या संस्था पुढे आल्या, आणि थेंबांबरोबर साबण, क्षार-साखरेची पाकिटे, ताप-खोकल्याची औषधेही देण्यात येऊ लागली. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

अविश्वासाला कधीकधी सबळ आधारही असतो. नायजेरियातील कानो प्रांताने २००३ मध्ये पोलिओ लस थांबवली, तेव्हा तेथील लोकांना १९९६ मधील मेनिंजायटिसच्या साथीत त्यांच्या मुलांवर झालेली परदेशी औषधाची वादग्रस्त चाचणी आठवत होती. २०११ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेने ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी पाकिस्तानात अबोटाबाद येथे काविळीच्या लसीकरणाची बनावट मोहीम चालवली. तिची किंमत पुढे अनेक वर्षे तेथील पोलिओ कार्यकर्त्यांनी जिवानिशी मोजली. याउलट गोवरासह तीन रोगांवरील एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १९९८ चा ब्रिटिश निबंध केवळ १२ मुलांवर आधारित होता आणि २०१० मध्ये तो मागे घेतला गेला, तरी त्याने निर्माण केलेली भीती शिल्लक राहिली.

साशंकतेवर जितकी चर्चा होते तितकी सोयीवर होत नाही. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गावांचे तीन गट केले होते. काहीही न बदललेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुले सुमारे ६ टक्के होती. ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरलेल्या गावांत ती सुमारे १८ टक्के झाली. आणि शिबिराबरोबर प्रत्येक मात्रेला किलोभर डाळ व शेवटी थाळ्यांचा संच दिलेल्या गावांत सुमारे ३९ टक्के. किलोभर डाळीने कुणाची श्रद्धा बदलत नाही. आज नको, पुढच्या वेळी बघू, असे म्हणणाऱ्याला ती आजच घराबाहेर काढते, आणि त्याचा नकार मुळात तेवढ्याच खोलीचा होता हे त्यातून कळते. महाराष्ट्रात बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) भागातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास मुलाबाळांसह कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलाचे नाव एका गावच्या यादीत आणि मूल दुसऱ्या तालुक्यातील फडात, अशा अवस्थेत मात्रा हुकली तर त्यात पालकांच्या निर्णयाचा भाग अगदी थोडा असतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली, तेव्हा कोविडकाळात खंडित झालेले नियमित लसीकरण, सतत बदलणारी वस्ती आणि काही कुटुंबांचा नकार ही कारणे एकमेकांत गुंतलेली होती. बातम्यांत मात्र नकारच ठळक झाला.

एकाच समाजाचा निर्णय काही महिन्यांत किती बदलू शकतो हे कोविडच्या लसीकरणात दिसले. १६ जानेवारी २०२१ रोजी मोहीम सुरू झाली तेव्हा आरोग्य कर्मचारीच मागेपुढे करत होते. कोव्हॅक्सिनला चाचणीचे निष्कर्ष पूर्ण होण्यापूर्वी परवानगी मिळाली होती आणि ती घेणाऱ्यांकडून वेगळे संमतिपत्र भरून घेतले जात होते, त्यामुळे ही शंका निराधार म्हणता येणार नाही. एप्रिल-मे मध्ये दुसऱ्या लाटेत प्रत्येक गल्लीत मृत्यू झाले, आणि त्याच लसीसाठी मुंबई-पुण्यात पहाटेपासून रांगा लागल्या. याच काळात नंदुरबार आणि मेळघाटातील आदिवासी पाड्यांवर लस घेतली की माणूस मरतो ही समजूत पसरली होती. तेथे मराठी भित्तिपत्रकांपेक्षा भिलोरी, पावरी, कोरकू भाषांत बोलणारी आशाताई आणि आधी लस घेतलेला पाड्यावरचा कारभारी यांचा उपयोग अधिक झाला. जूनमध्ये नाशिकच्या एका वृद्धाच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे व नाणी चिकटतात अशी चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर फिरली. घामट त्वचेला हलकी वस्तू लस न घेताही चिकटते, हे करून दाखवणे सोपे होते, पण चित्रफितीइतके ते फिरले नाही. साथ ओसरल्यावर २०२२ मध्ये वर्धक मात्रा आली, तीही काही काळ सर्व प्रौढांना मोफत, आणि केंद्रे ओस पडली. अफवा तेव्हा कमी झाल्या होत्या, भीतीही.

सक्तीचा परिणाम दुहेरी असतो. इंग्लंडमध्ये १८५३ च्या कायद्याने बालकांना देवीची लस सक्तीची केली, दंड आणि कैद वाढत गेली, त्याबरोबर विरोधही संघटित होत गेला. १८८५ मध्ये लेस्टर शहरात प्रचंड मोर्चा निघाला आणि १८९८ मध्ये सद्सद्विवेकाच्या आधारे नकार देण्याची मुभा कायद्यात घालावी लागली. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही मात्रा घेतलेल्यांनाच मुंबईच्या लोकलचा प्रवास खुला झाला, आणि नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद जिल्हा प्रशासनाने किमान एक मात्रा घेतल्याखेरीज पेट्रोल व किराणा देऊ नये असे आदेश काढले. अशा आदेशांनी कुंपणावरची माणसे केंद्रावर येतात. ठाम नकार देणारा अधिक ठाम होतो, आणि काही जण लस न घेता प्रमाणपत्राची सोय करतात. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात केंद्राचे लसीकरण धोरण अवाजवी ठरवले नाही, परंतु शारीरिक अखंडत्वाच्या हक्कानुसार कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही असे स्पष्ट केले. लसीनंतरच्या दुष्परिणामांच्या नोंदी व्यक्तींची ओळख उघड न करता जनतेला पाहता येतील अशी व्यवस्था करण्याचे निर्देशही न्यायालयाने त्याच निकालात केंद्र सरकारला दिले.