न्हावा-शेव्याची तपासणी: आयात शेतमालातली कीड अडवण्याच्या नियमांची पार्श्वभूमी

२०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात किरकोळ बाजारात कांदा शंभरीपार गेला. निर्यातबंदी सप्टेंबरातच झाली होती. मग केंद्राने तुर्कस्तान, इजिप्तकडून कांदा मागवला आणि तो लवकर उतरावा म्हणून प्लांट क्वारंटाइनची, म्हणजे आयात शेतमालातून येणारी कीड-रोग रोखण्याच्या व्यवस्थेची, एक अट शिथिल केली. निर्यातदार देशाने कांद्याला मिथिल ब्रोमाइड या कीडनाशक वायूची धुरी दिली आहे, अशी नोंद फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या) प्रमाणपत्रावर लागते. ती नसली तरी माल घ्यायचा असे ठरले. २१ ऑक्टोबर २०२० ला तीच सवलत पुन्हा आली, आधी १५ डिसेंबरपर्यंत आणि नंतर ३१ जानेवारी २०२१ पर्यंत. न्हावा-शेव्याला उतरलेला कांदा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आला, दर किती उतरला याच्या बातम्या झाल्या. ती अट मुळात कोणासाठी होती, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. ती नाशिक, जुन्नर, अहमदनगरच्या कांदा उत्पादकासाठी होती.

२०२० च्या आदेशातली एक तरतूद बारकाईने पाहण्यासारखी आहे. तपासणीत काणी किंवा कोरडी कूज हे बुरशीजन्य रोग दिसले तर माल परत पाठवायचा. खोड व कंद पोखरणारी सूत्रकृमी (सूक्ष्म जंत) किंवा कांदा माशीची अळी सापडली तर इथेच धुरी देऊन सोडायचा. हा फरक मिथिल ब्रोमाइडच्या मर्यादेतून आलेला आहे. नेहमीच्या मात्रेत हा वायू कीटक मारतो, सूत्रकृमींवर बऱ्यापैकी चालतो, पण बुरशीच्या बीजाणूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. काणीचे बीजाणू जमिनीत दहा-पंधरा वर्षे जिवंत राहतात. ही काणी उगवणाऱ्या रोपालाच धरते आणि थंड जमिनीत जास्त फोफावते. आपली रब्बी कांद्याची रोपे नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकली जातात.

या नियमांचे मूळ कापसात आहे. मेक्सिकोतला बोंड भुंगा १८९२ च्या सुमारास टेक्सासात शिरला आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कापसाची वाताहत झाली. मुंबईच्या गिरण्या अमेरिकन कापूस मागवत, त्यामुळे गाठींतून भुंगा वऱ्हाड-खानदेशात पोहोचण्याची धास्ती खरी होती. १९०६ मध्ये आयात गाठींना धुरी सक्तीची झाली. पुढे अमेरिकन कापूस फक्त मुंबई बंदरातूनच उतरवायचा, असा नियम झाला आणि तिथे त्याला हायड्रोसायनिक आम्लाच्या वायूची धुरी दिली जाऊ लागली. तो भुंगा आजही भारतात नाही. या व्यवस्थेला इतके स्वच्छ यश क्वचितच मिळाले आहे.

३ फेब्रुवारी १९१४ चा विध्वंसक कीटक व कीड कायदा त्याच काळातला. बंदरावरच्या तपासणीला आजही आधार त्याचाच आहे. अंमलबजावणीसाठी स्वतंत्र खाते मात्र बंगालच्या दुष्काळानंतर, १९४६ मध्ये आले: वनस्पती संरक्षण, क्वारंटाइन व साठवण संचालनालय. मुंबईतले त्याचे केंद्र शिवडीच्या हाजी बंदर रोडवर. २६ मे १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, कंटेनरचा माल खाडीपलीकडे वळला आणि तपासणीचे बरेचसे काम उरणच्या बाजूला सरकले. १९९६ मध्ये फळ-भाजी बाजारही मुंबईतून वाशीला आला. त्यामुळे आज परदेशी फळाचे पहिले दार आणि पहिली मोठी बाजारपेठ एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत.

मधल्या काळात काय सुटून आत आले, त्याची यादी लांब आहे. बटाट्याचा पतंग १९०६ च्या सुमारास इटलीच्या बियाणे-बटाट्यातून मुंबई इलाख्यात आला. बटाट्याची सोनेरी सूत्रकृमी १९६१ मध्ये निलगिरीत सापडली. तिच्या मादीचे शरीर कडक कोशात बदलते आणि आतली अंडी वीस वर्षांहूनही अधिक काळ तग धरतात. २०१८ मध्ये हिमाचल, जम्मू-काश्मीर आणि उत्तराखंडातून बियाणे-बटाटा बाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली ती याच सूत्रकृमीमुळे. पपईचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि दोनेक वर्षांत महाराष्ट्रात पोहोचला. फवारण्या करून शेतकरी थकले. अखेर २०१० मध्ये पोर्तो रिकोहून परजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या, त्यातल्या अ‍ॅसेरोफॅगस पपाये या जातीने तो आटोक्यात आणला. टोमॅटोची पाने पोखरणारी टुटा अ‍ॅब्सोल्यूटा २०१४ मध्ये पुण्यात, तर मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये शिवमोग्यात पहिल्यांदा नोंदली गेली. यातली प्रत्येक कीड कंटेनरमधूनच आली असे म्हणता येत नाही. लष्करी अळीचा पतंग एका रात्रीत शंभरेक किलोमीटर उडतो आणि त्याला बंदर लागत नाही. गाजर गवत पीएल-४८० या अमेरिकी मदत योजनेच्या गव्हातून आले असे सरसकट सांगितले जाते, पण पुण्यात ते १९५५ मध्येच दिसले होते आणि त्या गव्हाचा करार ऑगस्ट १९५६ चा आहे. दोष कुठे द्यायचा हे पुराव्याने ठरले पाहिजे, नाहीतर पुढची कीड चुकीच्या दाराशी शोधली जाते.

सध्याची चौकट २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाची आहे. त्यात पिके परिशिष्टांत विभागली आहेत. चौथ्या परिशिष्टातला माल ठरावीक देशांतून आणायलाच बंदी. पाचव्यातला मान्यताप्राप्त संस्थेच्या शिफारशीनेच येतो. सहाव्यातल्या मालाला आयात परवाना, निर्यातदार देशाची जादा हमी आणि विशेष प्रक्रिया लागते. कांदा आणि सफरचंद इथे येतात. सातव्यात प्रामुख्याने खाण्या-प्रक्रियेचा माल आहे आणि त्याला फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र पुरते. सर्वांत कडक नियम लागवडीच्या साहित्याला, म्हणजे रोपे, कलमे, कंद, बियाणे यांना आहेत, आणि ते योग्यच आहे. खाण्याचे फळ पोटात जाते, कलम थेट मातीत जाते. म्हणून बऱ्याच कलमांना आयातीनंतरही बंदिस्त जागेत वाढवून देखरेखीखाली ठेवावे लागते. कित्येक विषाणू पानावर दिसायलाच एक हंगाम घेतात.

प्रत्यक्ष काम असे चालते. जहाज लागल्यावर आयातदार किंवा त्याचा क्लिअरिंग एजंट ऑनलाइन अर्ज करतो. परवाना, मूळ प्रमाणपत्र आणि बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काचा आयात-दाखला) जोडतो. कंटेनर द्रोणागिरी-उरण पट्ट्यातल्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर साठवण-हाताळणीच्या आवारात, उघडतात. निरीक्षक आधी सीलचा क्रमांक जुळवतो, मग दाराचा रबर, तळाच्या फटी आणि लाकडी पॅलेट पाहतो. पॅलेटवर आयपीपीसी या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचा शिक्का हवा. त्याचा अर्थ लाकडाच्या गाभ्याला ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे मिळाले, किंवा लाकडाला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिली गेली. फळ ठीक असूनही शिक्का नसलेल्या पॅलेटमुळे माल अडकतो. लाकूड पोखरणारे भुंगेरे तिथूनच येतात, त्यामुळे ही अडवणूक कागदी समजू नये.

मग नमुने. सफरचंदात देठाची खोबण आणि खालची फुलकळीची जागा दहापटीच्या भिंगाखाली बघायची, कारण खवले कीड आणि पिठ्या ढेकूण तिथे दडतात. किवीची लव बोटाने बाजूला सारावी लागते. कांद्यात मान आणि मुळ्यांची चकती दाबून पाहतात. मऊ, सुजलेली मान संशयास्पद. असा भाग बारीक कापून बशीत पाण्यात ठेवला की सूत्रकृमी काही तासांत बाहेर येतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. पक्के निदान हवे तर बेअरमन फनेलमध्ये, म्हणजे सूत्रकृमी वेगळ्या करण्याच्या पाण्याने भरलेल्या नरसाळ्यात, रात्रभर. डाळी-कडधान्य चाळणीने चाळून चाळणीखालचा भुगा तपासायचा. बियाण्यासाठी ओल्या टिपकागदावरची चाचणी, आणि तिला आठवडाभर लागतो.

नमुना किती घ्यावा, हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न. मालात शंभरात एक फळ किडके असेल आणि ते पकडण्याची खात्री ९५ टक्के हवी असेल, तर सुमारे ३०० फळे पाहावी लागतात. दोनशेत एक असेल तर ६००. घाईत फक्त ६० पाहिली, तर शंभरात एक किडके असलेला माल निम्म्याहून अधिक वेळा ‘स्वच्छ’ ठरून सुटतो. चाळीस फुटी रीफर (शीत) कंटेनरमध्ये हजाराहून जास्त पेट्या असतात आणि दारापासच्या पेट्या काढायला सोप्या. नमुना तेवढ्यातूनच उचलला तर वरचे गणितही कोसळते.

फळमाशीची अंडी गराच्या आत असतात, ती भिंगाने दिसणार नाहीत. म्हणून भूमध्य फळमाशी असलेल्या देशांच्या फळांना शीतप्रक्रियेची अट असते: शून्य ते दोन अंशांच्या आसपास, साधारण दोन आठवडे. ती जहाजातच पुरी होते. फळात खुपसलेल्या सेन्सरची नोंद बंदरावर तपासतात आणि ते सेन्सर बर्फाच्या पाण्यात शून्य अंशाला जुळवलेले असावे लागतात. ही माशी अजून भारतात नाही. तिला पेरू, चिकू, आंबा, अंजीर, लिंबूवर्गीय फळे सगळी चालतात. डहाणूच्या चिकूच्या आणि शहापूर-मुरबाडच्या आंब्याच्या बागा तिच्या खाद्ययादीतच आहेत. वाशीच्या कचऱ्यात पडलेले एक किडके संत्रे तिला पुरेसे ठरू शकते.

धुरीचे गणित कागदावर सोपे आहे: डाळी-कडधान्याला २१ अंश किंवा अधिक तापमानाला दर घनमीटरला ३२ ग्रॅम मिथिल ब्रोमाइड, २४ तास. वीस फुटी कंटेनर सुमारे ३३ घनमीटरचा, म्हणजे एक किलोहून थोडा जास्त वायू. बिघडते ते प्रत्यक्षात. तापमान मालाचे मोजायचे असते, हवेचे नव्हे. शून्य-एक अंशावर आलेले फळ गरम व्हायलाच बराच वेळ जातो. पेट्यांभोवतीचे प्लास्टिक काढले नाही तर वायू आत शिरत नाही. जुन्या कंटेनरची दारे गळतात आणि गळती असेल तर पहिल्या काही तासांतच मात्रा निम्म्यावर येते. त्यातून तापवणे, धुरी आणि नंतरचे वायुवीजन मिळून दोन-तीन दिवस जातात आणि नाशवंत माल मऊ पडतो. आयातदाराची घाई समजण्यासारखी आहे. पण ती घाई परदेशातच प्रक्रिया पूर्ण करून टाळायची असते, इथल्या तपासणीला कात्री लावून नाही.

कॅनडाच्या वाटाणा-मसुरीबाबत हा वाद वर्षानुवर्षे चालला. तिथल्या कडक थंडीत धुरी नीट होत नाही, असे त्यांचे म्हणणे. इथे पोहोचल्यावर धुरी घेण्याची सवलत २००४ पासून पुन्हा पुन्हा वाढवली गेली. मिथिल ब्रोमाइड ओझोनचा थर विरळ करतो, त्यामुळे युरोपीय संघाने २०१० मध्ये त्याचा वापर थांबवला. तिथला निर्यातदार ही अट पाळूच शकत नाही. पर्यायी प्रक्रिया मान्य करणे गरजेचे आहे आणि ते काम फार सावकाश चालले आहे. तोवर दर वाढले की सूट, दर उतरले की अट, असा हेलकावा चालू राहतो.

कडकपणा दाखवलाच नाही असे नाही. चिनी सफरचंद आणि नासपतीची आयात वारंवार कीड सापडल्यावर मे २०१७ पासून थांबवली. डिसेंबर २०२१ मध्ये इराणच्या किवीवर तीच पाळी आली. चिनी लसणावर बुरशीमुळे बंदी आहे. तो चोरट्या वाटेने येतो आणि अशा लसणाची तपासणी कुठेच होत नाही. बंदी घातल्यावर गस्त वाढवली नाही, तर धोका उलट वाढतो.

आपल्या मालालाही दुसरे देश हेच नियम लावतात. फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून हापूससह भारतीय आंबा बंद केला. तो २०१५ च्या हंगामात खुला झाला. अमेरिकेला कोय भुंग्याची भीती, म्हणून तिथे जाणाऱ्या आंब्याला २००७ पासून किमान ४०० ग्रे (मात्रेचे एकक) विकिरण. जपानला गरम बाष्पाची प्रक्रिया. राज्य कृषी पणन मंडळाची ही केंद्रे वाशीतच आहेत. कोकणचा बागायतदार दर हंगामात हा खर्च सोसतो. त्याच्याकडून जे मागितले जाते ते येणाऱ्या मालाकडून मागायला संकोच नको.

खरी पोकळी माल सुटल्यानंतरची आहे. सोडण्याचा आदेश निघाला की क्वारंटाइनचे काम संपते. २०२० च्या सुरुवातीला आयात कांद्याचा मोठा साठा उचलच नसल्याने जेएनपीटीत, म्हणजे न्हावा-शेवा बंदरात, सडल्याच्या बातम्या होत्या. असा माल कुठे पुरला वा जाळला यावर किडीचे पुढचे भवितव्य ठरते. ‘फक्त खाण्यासाठी, लागवडीसाठी नाही’ असे हमीपत्र आयातदार देतो, पण गाळ्यातून दोन गोण्या बेणे म्हणून गेल्या तर कोणाला कळणार? सर्वांत सोपी वाट बारदानाची आहे. आयात कांद्याची रिकामी गोणी झटकून पुन्हा विकली जाते. खोड-कंद सूत्रकृमी वाळलेल्या पापुद्र्यात सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे टिकते आणि ओल मिळाली की जागी होते.

म्हणून वाशीला किंवा कल्याणला माल आणणाऱ्यांनी जुने बारदान परत शेतावर नेऊ नये. नेलेच तर आधी उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावे. प्लास्टिकचे क्रेट गाडीत भरण्यापूर्वी धुवावेत. बाजारातल्या आयात कंदाचे बेणे करू नये, मग ते कितीही टपोरे दिसो. शेतात अनोळखी कीड दिसली तर जिवंत किडा हातात घेऊन गावभर दाखवू नये: तो सर्जिकल स्पिरिटच्या बाटलीत टाकावा, किडके पान वर्तमानपत्रात दाबून ठेवावे, गाव, पीक, तारीख लिहावी, फोटो काढावा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावे. कांदा-लसूण असेल तर राजगुरुनगरची संशोधन संस्था, कोकणातली इतर पिके असतील तर दापोलीचे कृषी विद्यापीठ निदान करते. नवी कीड एकाच वावरात असेपर्यंतच ती उपटून जाळता येते; तीन-चार तालुक्यांत पसरली की पपईच्या पिठ्या ढेकणासारखा परजीवी शोधत परदेशी जावे लागते.

१९१४ चा कायदा बदलण्यासाठी कृषी जैवसुरक्षा विधेयक मार्च २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. बंदरावरची तपासणी आणि देशांतर्गत पाळत एकाच प्राधिकरणाकडे देण्याची त्यात योजना होती, म्हणजे बंदर ते बाजार ही पोकळी बुजली असती. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळले.