समाईक हित (ख्रिस्ती विचार)

समाजातल्या प्रत्येकाला माणूस म्हणून नीट जगता यावे यासाठी लागणारी, पण एकट्याला कधीच उभी करता न येणारी परिस्थिती म्हणजे समाईक हित. ते स्वार्थाच्या आधी पाहावे, अशी ख्रिस्ती नीतिविचाराची शिकवण आहे. बहुसंख्यांचा फायदा किंवा सगळ्यांच्या फायद्यांची बेरीज असा त्याचा अर्थ नाही. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असलेल्या विहिरीसारखे ते असते : पाणी चौघांचे, पण विहिरीचा चौथा हिस्सा तोडून कुणाला घरी नेता येत नाही.

या विचाराचे एक मूळ जेवणाच्या पंगतीत आहे. करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाला (येशूच्या स्मरणार्थ होणाऱ्या सहभोजनाला) जमल्यावर काही जण आधीच खाऊन-पिऊन झिंगत आणि गरीब उपाशी राहत. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याने पत्र लिहून त्यांना खडसावले : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा (बायबल, करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ११). स्वतःला पुसून टाका, असे मात्र तो म्हणत नाही. प्रवचनांतून हे पुष्कळदा निसटते. येशूची आज्ञादेखील शेजाऱ्यावर ‘स्वतःसारखी’ प्रीती करण्याची आहे.

इ. स. ३६९च्या सुमारास कॅपाडोशियातील सिझेरिया (आजच्या तुर्कस्तानातील कायसेरी) येथे मोठा दुष्काळ पडला. धनिकांनी धान्य दाबून ठेवले. बेसिल या धर्मगुरूने जुनी कोठारे पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या धनवानाचा येशूने सांगितलेला दाखला प्रवचनाला घेतला आणि तुमच्याकडे पडून असलेली भाकर उपाशी माणसाची आहे, असे सुनावले. कोठारे उघडली. वाटाण्याच्या कढणाचे हंडे चढले आणि बेसिल स्वतः सेवेला उभा राहिला, असे त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी सांगतो. पुढे त्याने नगराबाहेर गरीब आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी वसाहतच उभारली.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मशास्त्रज्ञाने खाजगी मालकी मान्य केली, पण जीव जायची वेळ आली तर दुसऱ्याचे घेणे ही चोरी नव्हे, असे ठरवले.

१५२३ मध्ये जर्मनीतील लाइस्निग गावाने धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या सल्ल्याने ‘समाईक पेटी’ची नियमावली केली. देवस्थानाचे उत्पन्न तीत जमा व्हायचे आणि पाळक (चर्चचे धर्मगुरू), शाळा, अनाथ, म्हातारे यांच्यावर खर्च व्हायचे. पेटीला चार कुलपे होती. किल्ल्या सरदार, नगरपरिषद, नागरिक आणि आसपासच्या खेड्यांतले शेतकरी यांच्याकडे एकेक. भल्या माणसांवरही एकट्यादुकट्याने विसंबायचे नाही, हा व्यवहारी शहाणपणा त्यात दिसतो. तरी नगरपरिषदेने जुन्या देणग्या सोडायला खळखळ केली आणि योजना अडली.

आधुनिक काळात पोप तेरावे लिओ यांच्या १८९१च्या परिपत्रकाने कामगारांच्या रास्त वेतनाचा आणि संघटनेचा हक्क यात आणला. कॅथलिक धर्माध्यक्षांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये समाईक हिताची व्याख्या पक्की केली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हवामानही सर्वांचे समाईक धन असल्याचे म्हटले.

महाराष्ट्रात या विचाराचे ठळक रूप वसईत दिसले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई’ चळवळ उभी राहिली. विहिरींचे पाणी टँकरने शहरी वस्त्यांकडे जात होते, बागायतीखालची जमीन विकासकांना हवी होती आणि विकणाऱ्याला दामही चांगला मिळत होता. एकाने बेसुमार उपसा केला की शेजारच्या वाडीतली विहीर मचूळ होई. मोर्चांत ख्रिस्ती होते, तसेच इतर धर्मीयही.